मुलांसोबत आपल्या मातीतला कुस्तीपट पाहताना : सोलापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात, इथल्या बोलीत आणि बऱ्याचदा खऱ्याखुऱ्या पैलवानांना घेऊन तयार झालेला कुस्तीवरचा चित्रपट लागला, की ओळखीचे पालक मला प्रश्न विचारू लागतात. मी शाळेत शिकवतो आणि माझे बालपण तालमीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात गेले. माझे वडील गिरणीतली पाळी संपली की जोर काढायला तालमीत जात आणि मी दारात बसून त्यांची वाट पाहत असे. पुढे माझ्या दोन्ही मुलांना असे चित्रपट मी स्वतः शेजारी बसून दाखवले. त्या अनुभवाच्या आधारे, पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

१. आमच्या घरात कोणीच पैलवान नाही. मुलांना असा चित्रपट कळेल का?

कळेल, मात्र घरून निघण्यापूर्वी दहा मिनिटे द्यावीत. तालीम, वस्ताद, हौदा, शड्डू आणि चितपट हे पाच शब्द मुलांना आधी समजले, तर निम्मा चित्रपट आपोआप उलगडतो. तालीम म्हणजे सरावाची जागा, वस्ताद म्हणजे तिथला गुरू, हौदा म्हणजे मऊ केलेल्या मातीचा आखाडा, शड्डू म्हणजे मांडीवर किंवा दंडावर थाप मारून दिलेले आव्हान, आणि चितपट म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून मिळवलेला निर्विवाद विजय.

सोलापूरच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात, पण ती गणपतीच्या मिरवणुकीमुळे किंवा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता म्हणून. या नावांतला ‘तालीम’ हा शब्द मुळात मातीचा हौदा असलेल्या जागेसाठी आहे, हे माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना ठाऊक नव्हते. ज्या शहराच्या पत्त्यांतच कुस्ती आहे, तिथल्या मुलांना ती पहिल्यांदा पडद्यावर भेटावी याचे मला वाईट वाटते. म्हणूनच असा चित्रपट मुलांना नुसता पाहायला पाठवू नये, त्यांच्यासोबत बसून पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो.

२. कोणत्या वयाच्या मुलाला न्यावे? प्रमाणपत्रावरून काय समजते?

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर दिसणारे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र हा पहिला आधार असतो. तिकीट काढतानाही वर्गवारी लिहिलेली असते आणि ती त्याच वेळी पाहून घ्यावी. ‘यू’ असल्यास चित्रपट सर्वांसाठी असतो. २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’चे तीन भाग झाले आहेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्या वयाखालील मुलाला चित्रपट दाखवायचा की नाही हे पालकांनी ठरवावे, असा याचा अर्थ आहे. ही शिफारस पालकांसाठी असल्यामुळे सोबत पालक असलेल्या मुलाला तेवढ्या कारणावरून दारात अडवता येत नाही. ‘ए’ प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र १८ वर्षांखालील कोणालाही, अगदी आईवडील सोबत असले तरी, प्रवेश नसतो. याच मुद्द्यावरचा एक अवघड प्रसंग प्रश्न १७ मध्ये आहे. जुन्या चित्रपटांवर नुसते ‘यूए’ दिसते आणि तिथे पालकांच्या मार्गदर्शनाची मर्यादा १२ वर्षे धरलेली असते.

प्रमाणपत्र सर्व काही सांगत नाही. कुस्तीपटात रक्त कमी असले, तरी मान मुरगळण्याची, हाड मोडण्याची आणि अपमानाची दृश्ये असतात, आणि कित्येक मुलांना रक्तापेक्षा अपमान अधिक लागतो. माझ्या मते आठ-नऊ वर्षांपुढचे मूल असा चित्रपट चांगल्या रीतीने पाहू शकते.

३. धाकटा चार वर्षांचा आहे आणि त्याला घरी सांभाळायला कोणी नाही. त्यालाही नेले तर चालेल का?

मी ही चूक केली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. माझ्या धाकट्याला चार वर्षांचा असताना मी रात्रीच्या खेळाला नेले. मैदानातल्या हलगीचा आवाज त्याला सहन झाला नाही, आणि नायकाचा खांदा निखळल्याचा आवाज आल्यावर तो असा रडू लागला की मध्यंतराआधीच आम्हाला बाहेर पडावे लागले. पुढचे काही दिवस तो अंधाऱ्या खोलीत जायला तयार नव्हता. चित्रपटगृहातला आवाज घरच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्याशिवाय सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमारास दाखवल्या जाणाऱ्या तंबाखूविरोधी चित्रफितींतली दृश्येही लहान मुलांना घाबरवतात.

घरी ठेवणे शक्यच नसेल तर दुपारचा खेळ निवडावा, दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या घ्याव्यात आणि दोघा मोठ्यांपैकी कोण बाहेर थांबणार हे आधी ठरवावे, म्हणजे मोठ्या मुलाचा चित्रपट अर्धवट राहणार नाही.

४. खेळ, तिकीट आणि खाण्यापिण्याबाबत काय लक्षात ठेवावे?

स्थानिक चित्रपटांना खेळ थोडे मिळतात आणि दुसरा आठवडा मिळेलच असे नसते, त्यामुळे ‘पुढच्या रविवारी पाहू’ म्हणू नये. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून चौघांच्या कुटुंबाला स्वस्त तिकिटाचा खेळ गाठण्यात खरा फायदा आहे. चित्रपटगृहाला बाहेरचे खाद्यपदार्थ मनाई करण्याचा अधिकार आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे पिण्याचे पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी आणलेले खाणे अडवू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या खेळाला जाणाऱ्यांनी येता-जाताच्या उन्हाचा विचार करावा. पाणी पाजूनच मुलांना घराबाहेर काढावे.

५. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत फरक काय? मुले सारखे विचारतात, कोण जिंकतोय हे कसे ओळखायचे?

बहुतेक कुस्तीपटांत नायक गावच्या मातीतून सुरू होऊन शेवटी गादीवर, म्हणजे मॅटवर, पोहोचतो, त्यामुळे हा फरक आधी समजावलेला बरा.

मातीतल्या कुस्तीत जुनी रीत अशी, की वेळेची मर्यादा नाही आणि गुण नाहीत. पाठ लागली की निकाल. गावच्या जत्रेतल्या मैदानात आजही ‘निकाली कुस्ती’ला अधिक मान असतो. बराच वेळ कोणी पडले नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात किंवा शेवटी गुणांवर लावतात. दोघे एकमेकांच्या मानेला हात घालून नुसते फिरत आहेत असे मुलांना वाटते, पण त्या खडाखडीत दोघेही समोरच्याचा तोल आणि त्याची घाई जोखत असतात. तिथे मुलाला ‘त्यांचे पाय बघ’ एवढेच सांगावे. माझ्या वडिलांनी मला तेवढेच सांगितले होते आणि त्यानंतर मला कुस्ती दिसू लागली.

गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते. एकाचा पोशाख लाल, दुसऱ्याचा निळा. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला की २ गुण, त्याला वर्तुळाबाहेर ढकलले की १ गुण, उभ्याने उचलून पाठ धोक्यात येईल असे फेकले की ४, आणि ती फेक मोठ्या उंचीवरून असेल तर ५. फ्रीस्टाइल प्रकारात १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते, आणि दोन्ही खांदे गादीला टेकले तर गुण कितीही असले तरी तो पैलवान हरतो. हा शेवटचा नियम मुलांना फार आवडतो, कारण पिछाडीवर असलेला नायक अखेरच्या क्षणी कसा जिंकू शकतो हे त्यातून कळते.

१९६१ पासून होत असलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्ही विभागांतले विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. चित्रपटात गदा खांद्यावर घेतलेला पैलवान दिसला की मुलांना ही पार्श्वभूमी सांगावी.

६. पडद्यावरची कुस्ती खरी असते का? माझा मुलगा म्हणतो, ही डब्ल्यूडब्ल्यूईसारखीच आहे.

डब्ल्यूडब्ल्यूईमधील निकाल आधी ठरलेले असतात आणि तो खेळाच्या रूपातला करमणुकीचा प्रयोग असतो. चित्रपटातली कुस्तीही आधी बसवलेली असते, अनेक तुकड्यांत चित्रित केलेली असते आणि थापांचे आवाज नंतर वाढवलेले असतात. तरीही फरक आहे. स्थानिक चित्रपटांत पुष्कळदा तालमीत वाढलेली मुलेच उभी असल्यामुळे डाव खरे असतात. एकेरी पट काढताना पैलवान समोरच्याचा एक पाय दोन्ही हातांनी पकडतो. धोबीपछाडीत धोबी कपडा आपटतो त्याप्रमाणे प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावरून ओढून त्याला पाठीवरून पुढे टाकतो. हे दोन डाव ओळखायला शिकवले, तर खरे कोणते आणि सजवलेले कोणते हे मुले स्वतःच सांगू लागतात. हवेत गिरकी घेऊन केलेला डाव दिसला, तर तो पडद्यापुरता आहे असे समजण्यास हरकत नाही.

७. चित्रपट ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणतात. मुलांना त्यातले किती खरे सांगावे?

ज्याच्या जीवनावरून कथा घेतली आहे त्याची चार पक्की माहिती आधी घरी सांगावी आणि मग चित्रपटाशी ताडून पाहण्याचे काम मुलांना द्यावे. कुस्तीच्या बाबतीत खाशाबा जाधव यांचे उदाहरण सर्वांत सोयीचे. कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतच येतो, त्यामुळे सोलापूरच्या मुलांना ही तारीख सहज लक्षात राहते.

प्राचार्यांनी घर गहाण ठेवल्याची ही हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारते, ‘मग घर परत मिळाले का?’ मुलांचे मन नेमके कुठे अडकते ते अशा प्रश्नांतून दिसते, आणि चित्रपटानंतरच्या बोलण्यातही तेच धागे धरावेत.

८. पैलवानांचे कान असे चेपलेले आणि सुजलेले का दिसतात? मुलगी घाबरली.

कुस्तीत डोके डोक्याला आणि दंडाला सतत घासले जाते. त्यामुळे कानाच्या कूर्चेवरचे (मऊ हाडावरचे) आवरण सुटते आणि मध्ये रक्त साचते. ते वेळीच काढले नाही तर तिथे घट्ट ऊतक तयार होऊन कान कायमचा गाठाळ दिसतो. पैलवान मंडळी हे कान सरावाची खूण म्हणून मिरवतात, हे मुलीला जरूर सांगावे. त्याचबरोबर गादीवर सराव करणारी अनेक मुले आता कानाला संरक्षक पट्टा लावतात आणि कान सुजला तर लगेच डॉक्टरांकडे जावे, हेही सांगावे.

९. चित्रपटात शिव्या आहेत, आणि आमच्या घरी तेलुगू बोलतात. मुलांना भाषा झेपेल का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण ते शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतून नेहमी एकत्रच येतात. आपल्या शहरातल्या मुलांच्या कानांवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी लहानपणापासून पडत असल्यामुळे रांगडी बोली त्यांना पुणेरी मराठीपेक्षा जवळची वाटते. अडचण येते ती कुस्तीच्या शब्दांची, आणि त्यासाठी प्रश्न १ मधली तयारी पुरेशी आहे.

शिव्यांबाबत माझे मत असे आहे, की मुलांचे कान झाकू नयेत. त्याने तो शब्द अधिक पक्का बसतो. रागाच्या भरात त्या माणसाने काय म्हटले, ते कोणाला लागले आणि पुढे त्याने काय गमावले, हे घरी आल्यावर विचारावे. आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या मात्र मी तशाच जाऊ देत नाही. त्या शब्दांचा अर्थ काय होतो आणि ते आपल्या घरात का चालत नाहीत, हे मी माझ्या मुलाला अकराव्या वर्षी सरळ सांगितले.

१०. मुलाने विचारले, ‘तालमीत मारुतीचा फोटो आहे आणि पैलवान मुसलमान आहे, हे कसे?’ काय सांगावे?

खरे तेच सांगावे. तालीम हा शब्द अरबीतून आला, आणि पैलवान व वस्ताद हे दोन्ही शब्द फारसीतून. त्याच तालमीत मारुतीच्या तसबिरीला नमस्कार करून आणि हौद्यातली माती कपाळाला लावून सराव सुरू होतो. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर २०१८ चा महाराष्ट्र केसरी बाला रफिक शेख हा करमाळा तालुक्यातला आणि २०२३ मध्ये पुण्याजवळच्या फुलगावला गदा जिंकणारा सिकंदर शेख हा मोहोळचा. मारुती हे तालमीत बळाचे आणि संयमाचे दैवत आहे, आणि हौद्यात उतरल्यावर अंगाला लागलेली माती सर्वांची सारखीच दिसते, असे माझे वडील सांगत. मुलांना याहून लांबलचक स्पष्टीकरण लागत नाही.

११. मुलीला न्यावे का? नातेवाईक म्हणतात, कुस्ती हा पोरांचा विषय आहे.

अवश्य न्यावे, आणि नातेवाइकांशी वाद घालण्याऐवजी त्यांना पुढील गोष्टी सांगाव्यात. महिलांची कुस्ती २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक हिने कांस्यपदक मिळवले, आणि कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. सांगली आपल्यापासून दूर नाही.

चित्रपट पाहताना एका गोष्टीकडे मुलीचे आणि मुलाचेही लक्ष वेधावे: त्यात स्त्रिया काय करताना दाखवल्या आहेत? पुष्कळ कुस्तीपटांत आई डबा देते, बहीण ओवाळते आणि प्रेयसी मैदानाच्या कडेला डोळे पुसते. खुराकासाठी गाय-म्हैस सांभाळणारी, पहाटे चारला उठून दूध तापवणारी आई खरोखरच पैलवान घडवते, आणि तिचे श्रम चांगल्या चित्रपटात दिसतात. माझ्या मुलीने एकदा चित्रपट संपल्यावर विचारले, ‘त्याच्या बहिणीला कुस्ती यायची का, ते का नाही दाखवलं?’ मला त्याचे उत्तर देता आले नाही, पण ती चित्रपट किती लक्षपूर्वक पाहत होती ते त्या दिवशी समजले.

मुलीला प्रत्यक्ष सराव करायचा असल्यास प्रश्न १५ पाहावा.

१२. वडील किंवा वस्ताद मुलाला मारतात, उपाशी ठेवतात, अशी दृश्ये असतात. मुले विचारतात, ‘तुम्ही पण असंच कराल का?’

या प्रश्नाला टाळू नये आणि थट्टेवारीही नेऊ नये. वस्तादाची काठी चित्रपटात प्रेमाचे चिन्ह म्हणून दाखवतात आणि शेवटी मिळालेल्या विजयाने तिचे समर्थन होते. मी माझ्या मुलांना सांगितले, की मार खाऊन मोठा झालेला एक पैलवान पडद्यावर दिसतो, पण मार खाऊन तालीम सोडून गेलेल्या मुलांवर कोणी चित्रपट काढत नाही. शिस्त आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहाटे पाचला हौदा उकरायला येणे ही शिस्त आहे, आणि चांगले वस्ताद ती न मारता लावतात. माझ्या वडिलांच्या वस्तादांनी कोणावर हात उगारल्याचे त्यांनी कधी पाहिले नव्हते. उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी हौद्यात उतरू देत नसत, आणि तेवढी शिक्षा पुरत असे.

वडिलांचे अपुरे स्वप्न मुलाने पूर्ण करावे, या कथासूत्राबद्दलही बोलावे. माझ्या मुलाने हाच प्रश्न विचारला तेव्हा मी ‘नाही’ म्हटले आणि त्याला वचन दिले, की तो जे सोडेल ते मी त्याच्यावर लादणार नाही. असे वचन देणार असाल तर ते पाळता येईल याची खात्री करूनच द्यावे.

१३. पैलवान इंजेक्शन घेताना दाखवला आहे. लहान मुलांना हे कसे सांगावे?

दहा वर्षांपुढच्या मुलाला सरळ सांगावे, की काही खेळाडू लवकर ताकद यावी म्हणून बंदी असलेली औषधे घेतात, त्याने हृदय, यकृत आणि वाढीवर परिणाम होतो, आणि चाचणीत सापडल्यास खेळण्यास बंदी येते. लहान मुलाला ‘ते चुकीचे औषध आहे’ एवढे पुरे. अशी दृश्ये असलेला चित्रपट मी त्याबद्दल टाकाऊ मानत नाही, कारण हे संकट खरे आहे आणि ते लपवणारे चित्रपट मुलांची फसवणूक करतात.

मुलगा घरी येऊन खुराक मागू लागला तर तोही याच उत्तराचा भाग समजावा. बदामाची थंडाई, शेरभर दूध आणि तूप हे शेकडो जोर-बैठका मारणाऱ्या शरीरासाठी आहे. शाळेत जाऊन संध्याकाळी मैदानावर खेळणाऱ्या मुलाला भाकरी, डाळ, शेंगा चटणी, दूध आणि चालत असल्यास अंडी हाच खुराक आहे. डब्यातली ताकदीची पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला देऊ नये.

१४. चित्रपट पाहून आल्यापासून दोघे भाऊ घरात गादीवर कुस्ती खेळतात. थांबवावे का?

पूर्ण थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, पण मानेचे नियम त्याच रात्री घालून द्यावेत. मान पकडून फिरवायची नाही, गळा दाबायचा नाही, कोणाला उचलून टाकायचे नाही, आणि समोरच्याने दोनदा थाप मारली की त्या क्षणी सोडायचे. धोबीपछाड आणि ढाक हे डाव घरात पूर्णपणे बंद ठेवावेत. घरातली गादी पातळ असते, तिच्याखाली फरशी असते आणि कडेला पलंगाचा कोपरा असतो. तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती रोज उकरतात, म्हणून पडणारा वाचतो. शिवाय तिथे मुलांना आधी पडायला शिकवतात आणि पाडायला नंतर.

लहान भावाचे वजन मोठ्याच्या निम्मे असेल तर ही कुस्ती जोडीची नाही, हेही मोठ्याला समजावून सांगावे. मैदानात पंच जोड पाहूनच कुस्ती लावतात. मोठ्या भावंडाला पंच केले, की ते आपोआप शांत होते, हा माझ्या घरातला अनुभव आहे.

१५. चित्रपटानंतर मुलांना खरी तालीम दाखवायची आहे. कसे जावे? आणि तिथे घालायचे असल्यास वय काय असावे?

जमल्यास चित्रपटानंतरच्या आठवड्यातच न्यावे, कारण तेवढेच दिवस मुलांचे कुतूहल ताजे असते. आधी एकट्याने जाऊन वस्तादांची परवानगी घ्यावी. सराव पहाटे आणि संध्याकाळी चालतो. चपला बाहेर काढाव्यात, हौद्यात पाय ठेवू नये, आणि विचारल्याशिवाय मोबाईल काढू नये. मुलांना आधी सांगून ठेवावे, की इथे कोणी गदा घेऊन उभे नसेल आणि संगीतही वाजणार नाही. ऐकू येईल तो श्वास, मातीवर पडल्याचा दबका आवाज आणि वस्तादांचा एखादा शब्द. माझ्या मुलाला पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा आला होता. मग वस्तादांनी त्याच्या हातात मूठभर माती दिली आणि वास घ्यायला सांगितले. हळदीचा आणि कापराचा तो वास त्याला आजही आठवतो.

सर्वच जुन्या तालमींत आता हौदा चालू नाही, काही ठिकाणी व्यायामशाळा झाली आहे किंवा फक्त मंडळ उरले आहे. हौदा बंद असलेली तालीमही मुलांना दाखवावी आणि इथे कोण सराव करत असे हे तिथल्या वयस्कर माणसांना विचारावे. ती माणसे सांगायला उत्सुक असतात.

प्रवेशाचे म्हणाल तर आठ-दहा वर्षांच्या मुलाला धावणे, जोर-बैठका, कोलांट्या एवढ्यावर ठेवणारे वस्ताद निवडावेत आणि पहिल्याच महिन्यात मैदानात उतरवणाऱ्यांपासून दूर राहावे. मुलीसाठी महिला प्रशिक्षक किंवा निदान इतर मुली सरावाला असलेले केंद्र पाहावे, आणि पालकांना सराव पाहू न देणाऱ्या ठिकाणी मुलाला किंवा मुलीला घालू नये. गावाकडे जत्रा असेल तर मैदानाच्या सुरुवातीला होणाऱ्या रेवड्यांच्या कुस्त्या जरूर दाखवाव्यात. लहान मुले रेवड्या मिळवण्यासाठी लढतात, हरलेलाही खात खात परततो, आणि हरण्याची भीती तिथे जितकी जाते तितकी कोणत्याही चित्रपटाने जात नाही.

१६. मुलांचा मामा चित्रपटातल्या मैदानाच्या दृश्यात आहे. तेवढाच भाग मोबाईलवर चित्रित करून गावच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का?

चालणार नाही. स्थानिक चित्रपटांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो, कारण पडद्यावर आपलीच माणसे असतात आणि त्यामागे वाईट हेतू नसतो. तरीही सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार परवानगीशिवाय चित्रपटगृहात चित्रपट मुद्रित करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मोबाईल मुलाच्या हातात असेल तर जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून आत गेल्यावर तो पिशवीत ठेवावा. मामांसोबत बाहेरच्या पोस्टरसमोर छायाचित्र काढावे, आणि दृश्यातले स्थिरचित्र हवे असल्यास मामांनाच निर्मात्यांकडे मागू द्यावे.

१७. आमच्या मुलाने स्वतः चित्रपटात काम केले आहे, पण चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले. त्याला पाहता येईल का?

चित्रपटगृहात पाहता येणार नाही. प्रमाणपत्राची अट प्रेक्षकाच्या वयाला लागते आणि त्याने चित्रपटात काम केले असले तरी तिच्यातून सूट मिळत नाही. मुलांना हे फार लागते, कारण वर्गातल्या सर्वांना आधीच सांगून झालेले असते. अशा वेळी निर्मात्यांना विचारून मुलाचे स्वतःचे दृश्य तेवढे मिळते का ते पाहावे, आणि ते मिळाले तर घरी आजी-आजोबांना बोलावून सर्वांसोबत दाखवावे. प्रमाणपत्र ‘यूए १६+’ असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे निर्णय आपला असल्याने आईवडिलांपैकी एकाने आधी जाऊन चित्रपट पाहून यावा, मुलाची दृश्ये केव्हा येतात ते लक्षात ठेवावे, आणि मग त्याला न्यायचे की नाही हे ठरवावे.